मुहूर्ताचा टाका

खराडी, पुणे
१८ जून २०००

ती. मामा,

पाया पडते. फोन करत नाही म्हणून रागावू नका. मागच्या वेळी अर्धा फोन तुम्ही "काय?" विचारण्यात घालवलात. तीस वर्षं आय.टी.आय.मध्ये पोरांच्या हातोड्या ऐकल्यावर कान राहणार तरी कसे! त्यापेक्षा पत्र बरं.

आधी आनंदाची बातमी. ओढ्याकडची आमची जमीन कॉम्प्युटर कंपनीला गेली, हे तुम्हाला माहीत आहे. मळणीचं खळं तेवढं राहिलं होतं. त्यावर ह्यांनी गेल्या वर्षी पत्र्याची शेड टाकून फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढलं. आता त्याच कंपनीच्या नव्या इमारतीचे लोखंडी जिने आणि रेलिंग करायचं काम आम्हाला मिळालंय. आमचे सासरे, आबा, म्हणाले, "जवारी पिकवली तिथं आता जिनं पिकवा." ते हसून म्हणाले की चिडून, ते त्यांच्या मिशीमुळे कळत नाही.

एक विचारायचं होतं. आमच्या एका वेल्डरचे डोळे काम झाल्यावर चार-पाच तासांनी भयंकर दुखायला लागतात. वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी थांबत नाही, दिवा बघवत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, कच्चं दूध घातलं. गावात सगळे हेच करतात. ह्यांचं म्हणणं, सवय झाली की थांबतं. खरंच थांबतं का?

तुमची,
उल्का

•

भोर
२३ जून २०००

चि. उल्का,

आशीर्वाद मागाहून. आधी उत्तर. बटाट्याची भाजी कर. दूध चहात घाल. डोळ्यांत घालायच्या या वस्तू नव्हेत.

सवय झाली की थांबतं, असं सर्जेराव म्हणतात. आमचे जावई कर्तबगार आहेत, पण डोळ्यांचं त्यांना काही कळत नाही. उन्हात कातडी भाजते तसा वेल्डिंगच्या उजेडाने डोळा भाजतो, आणि भाजताना पत्ता लागत नाही. पुन्हा पुन्हा भाजला की एक दिवस सवय होते खरी, कारण मग दिसायचंच बंद होतं. त्या वेल्डरला विचार, तोंडापुढे काळी काच धरतो की स्वारगेटच्या फुटपाथवरचा गॉगल लावतो? लोखंड जोडायचा टाका मारताना नुसती मान वळवतो का? मान वळवणारे मी खूप पाहिले. पेन्शन घ्यायला त्यांना नातवाचा हात धरून जावं लागतं. सदाशिव पेठेत माझ्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, पत्ता मागे लिहिलाय. त्याला तिकडे धाड.

आता दुसरी गोष्ट. तुझं अक्षर मी तू दुसरीत असल्यापासून ओळखतो. या पत्रातल्या ओळी उताराला लागल्यात आणि दोन ठिकाणी शब्दावर शब्द चढलाय. हा "आमचा एक वेल्डर" कोण, त्याचं नाव लिही. लपवाछपवी करू नकोस. तुझ्या हातात वेल्डिंगचा पहिला रॉड मी दिलाय.

बापूमामा

•

खराडी
९ जुलै २०००

ती. मामा,

तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. वेल्डर मीच.

झालं असं. आमचा मुख्य वेल्डर दशरथ, वाशीमकडचा. माणूस फार चांगला. पण पेरणी आली की तो गावी जाणार म्हणजे जाणार, त्याची बायको मुक्ताई तिकडे एकटी दोन एकर बघते. तो गेला आणि दुसरा वेल्डर रुसून निघून गेला. कंपनीचा साहेब रोज येऊन जिन्याकडे बघायचा. हे डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, मला येतं. ह्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी एका भंगार पट्टीवर टाका घालून दाखवला. ह्यांनी तो टाका बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाले, "आबांना सांगू नकोस."

तेव्हापासून शटर अर्धं खाली ओढून मी काम करते. घाईत काच धरत नव्हते, हे खरं. आता धरते. दशरथ परत आलाय. मला बघून त्याने नुसते हात जोडले. आता आम्ही दोघं मिळून करतो. तो मला वहिनी म्हणतो आणि माझा टाका तपासतो.

मामा, मला हे काम आवडतं. तुमच्या क्वार्टरच्या मागे तुम्ही मला पत्रा जोडायला शिकवायचात, तसंच अगदी. रॉड टेकला, तो नीट धरला आणि लोखंड वितळून सरळ पुढे सरकायला लागलं की मला दुसरं काही आठवत नाही. या घरात येऊन अकरा वर्षं झाली, मी काही करते असं मला पहिल्यांदा वाटतंय. रागवा, पण बंद कर म्हणू नका.

उल्का

•

भोर
१४ जुलै २०००

चि. उल्का,

बंद कर म्हणणार नाही. पत्र वाचून मी तुझ्या मामीला तीनदा सांगितलं, आणि तिने तीनही वेळा "मला माहीत होतं" म्हटलं.

पण करायचं तर माणसासारखं कर. नायलॉनची साडी अंगावर नको, ठिणगी पडली की ती कातडीला चिकटते. जाड सुती कपडे घाल, वर सर्जेरावांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. बांगड्या काढून ठेव. चामड्याचे हातमोजे आणि रबरी तळाचे बूट, तुला आणि दशरथलाही. शेडची दोन्ही दारं उघडी. धूर लागू नये म्हणून तुमच्याकडे गूळ वाटत असतील. गूळ गोड लागतो, म्हणून खा. धूर वाऱ्यानेच जातो. अर्धं शटर ओढून काम करणं म्हणजे तो धूर जेवायला बसवण्यासारखं आहे. तेव्हा आबांना सांगून टाक.

आणि कोरडं. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. हात कोरडे, पाय कोरडे, जमीन कोरडी. मशीनच्या लोखंडी अंगापासून एक तार जमिनीत खोल गाडलेली असते, आत काही बिघडलं तर वीज तिच्यातून खाली जावी म्हणून. ती तुमच्याकडे आहे का, ते बघ. नसेल तर वायरमन बोलव आणि तो ती जोडेपर्यंत त्याला चहा देऊ नकोस.

डॉक्टरांकडे गेलीस का?

बापूमामा

•

खराडी
२४ सप्टेंबर २०००

ती. मामा,

इतके दिवस पत्र नाही, कारण काम अंगावर आलं होतं. जिने उभे राहिले! चौथ्या मजल्यापर्यंत. बूट आणि हातमोजे आणले. दशरथ बूट घालून पहिल्या दिवशी गावभर फिरून आला. वायरमन "येतो येतो" म्हणतोय. डॉक्टर राहिलेत, जाईन.

आणि मामा, आबांना कळलं. मीच शटर वर केलं एका सकाळी आणि कामाला लागले. ते दारात येऊन उभे राहिले. तसेच मागे फिरले. जेवले नाहीत. दोन-तीन दिवस मी घरात चोरासारखी वावरत होते. मग त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. मला वाटलं, आता माहेरी जायला सांगणार.

तर म्हणाले, "ह्या खळ्यात दर साली पैली पाटी आमची म्हातारी वतायची. ती गेली, जवारी गेली, जमीन बी गेली. आता दसऱ्याला मुहूर्ताचा टाका तू मार. घरच्या लक्षुमीचा हात लागू दे."

मी रडले. त्यांच्यासमोर रडले. सासूबाईंचा मान मला. उद्या आळीतली कुठलीही बाई मला "लोहारीण" म्हणायची नाही, कारण आबांनी म्हटलंय.

त्यांची रीत तेवढी सांगते. खंडेनवमीला ते मशीन धुणार. पूर्वी बैल धुवायचे, मग ट्रॅक्टर, आता मशीन. जमीनही धुतात. दसऱ्याला मी न्हाऊन, नवी साडी नेसून, अनवाणी टाका मारायचा. खळ्यात पायताण घालून जात नाहीत ना. इतर दिवशी बूट चालतात, पण सणाला नाही. गेल्या वर्षी दशरथनेच अनवाणी मारला होता, त्याला हाताला थोडी झिणझिणी आली. आबा म्हणाले, खळं जागं झालं.

पाच मिनिटांचं काम आहे. तेवढं चालतं ना, मामा?

उल्का

•

भोर
२८ सप्टेंबर २०००

उल्का,

नाही. चालत नाही.

धुतलेलं मशीन, ओली जमीन, न्हालेलं अंग, उघडे पाय आणि न जोडलेली तार. माणूस मारायचा कुणी बेत केला तरी इतकं साहित्य एका जागी जमवणार नाही. गेल्या वर्षी दशरथला आलेली झिणझिणी ही मशीनने दिलेली सूचना होती, आणि तुम्ही तिला नारळ फोडलात.

तुझ्या आबांनी, दत्तोबांनी, दिलेला मान मला कळतो. त्यांनी तुला जे दिलं ते मोठं आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते. शिवी दिली असती तर तू उलट बोलली असतीस. मान दिलाय, म्हणून तू बूट काढशील. तुला मी ओळखतो.

मी स्वतः आलो असतो, पण मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे. तेव्हा लिहितो ते ऐक. मशीन धुवू देऊ नकोस. धुतलंच तर तू बूट घालशील, कोरडे हातमोजे घालशील आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी घेशील. मशीनच्या पेटीला हात लावणार नाहीस. नाहीतर टाका मारणार नाहीस. देवाला काय वाटेल ते माझ्यावर ढकल, मी वरती गेल्यावर निस्तरीन.

तुला रॉड धरायला शिकवला याचा मला पश्चात्ताप व्हायला लावू नकोस.

बापूमामा

•

खराडी
८ ऑक्टोबर २०००

ती. मामा,

काल दसरा झाला. मी बूट घातले.

मशीन धुऊ नका म्हणून मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आबांना तू सांग." मी आबांपुढे गेले आणि माझं तोंडच उघडलं नाही. नवमीला पाइप लावून मशीन धुतलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. रात्रभर मी जागीच होते. सकाळी नवी हिरवी साडी नेसले, खाली बूट चढवले, साडीचा काठ जरा खाली सोडला. वाटलं, दिसणार नाहीत. पण फळीवर चढायला पाय उचलला आणि दिसले. सगळी भावकी उभी होती.

आबा म्हणाले, "सूनबाई, पाय."

मी म्हटलं, "आबा, मला भीती वाटते." तुमचं सगळं लांबलचक शास्त्र राहूनच गेलं. मी हातमोजे घातले, काच धरली आणि टाका मारला. छान बसला, मामा. दशरथ हळूच म्हणाला, "वहिनी, तुमच्या टाक्याले तोड नाही." पण आबांनी हातातला नारळ तसाच खाली ठेवला आणि निघून गेले. संध्याकाळी सगळ्यांना सोनं वाटलं, मला दिलं नाही. हे अजून माझ्याशी बोललेले नाहीत. जाऊबाईंनी माझ्या ताटात वाढलं ते दुसरीकडे बघून.

मी जिवंत आहे आणि मला आनंद होत नाहीये. असं वाटतंय की त्यांनी माझ्या ओंजळीत काही घातलं आणि मी हात मागे घेतला.

होईल शांत. उद्या सोमवारी सदाशिव पेठेत तुमच्या डॉक्टरांकडे जातेय, एकदाची. घरात बसवत नाही म्हणून तरी.

उल्का

•

भोर
११ ऑक्टोबर २०००

चि. सौ. उल्का,

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यावर पट्टी आहे, आणि रडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिने ऐकलं नाही.

पोरी, शाबास. एवढ्या भावकीत "मला भीती वाटते" म्हणायला छाती लागते. माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली, पण भीती वाटते असं म्हणणारी फार थोडी होती. नारळाचं वाईट वाटून घेऊ नकोस. दत्तोबा शहाणा माणूस आहे. दिवाळीपर्यंत राग उतरेल. मी दिवाळीला येतो आणि त्यांच्याशी बोलतो. येताना करंज्या आणतो, म्हणजे त्यांचं तोंड बंद राहील आणि मला बोलता येईल.

आज मला फार बरं वाटतंय.

तुझा,
बापूमामा

•

खराडी
१६ ऑक्टोबर २०००

मामा,

तुमचं पत्र मिळालं. ते मी एकदाच वाचलं.

दशरथ गेला. सोमवारी सकाळी, मी डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा.

माझा टाका मुहूर्ताचा धरायचा नाही, असं आबांनी रविवारीच ठरवलं होतं. बुटाने खळं बाटलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. मी बस धरून गेल्यावर त्यांनी पुन्हा सगळी शेड धुतली. गोमूत्र शिंपडलं, मशीनवर पुन्हा पाइप धरला. आणि दशरथला बूट काढून मुहूर्ताचा टाका नव्याने मारायला सांगितलं. त्याने करंट वाढवायला मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि तिथेच चिकटला. ह्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. खूप उशीर झाला होता.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून मला सगळं धूसर दिसत होतं. खळ्यापाशी गर्दी दिसली. दाराबाहेर बुटांचा एक जोड होता, मला वाटलं माझाच. त्याला खाटेवर ठेवलं होतं. मी अगदी जवळ वाकले तेव्हा तळहातावरचा काळा डाग दिसला.

ओळखीच्या एका डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. त्याच दुपारी टेंपोतून त्याला वाशीमला नेलं. पोलिसांत गेलो तर कंपनीचं काम जाईल, वर्कशॉपला कुलूप लागेल, आणि आबांना या वयात कोर्टात उभं करायचं का, असं हे म्हणतात. मुक्ताईच्या घराला आपण जन्मभर बघू, असंही म्हणतात. ते मनापासून म्हणतात, मामा. हे वाईट नाहीत. रोज शेडच्या दारात जाऊन बसतात.

आबांनी अन्न सोडल्यात जमा आहे. त्यांना वाटतं, खळं कोपलं. कुणावर कोपलं, ते बोलत नाहीत, माझ्या पायांकडे बघतात. आळीतल्या बायका मात्र बोलतात. माझ्या बुटाने दशरथ गेला म्हणतात. आणि मला त्यांना उलटून काही म्हणता येत नाही. मी बूट घातले नसते तर दुसऱ्यांदा धुतलं नसतं, हे खरंच आहे ना? त्याच्या जागी मी असते, एवढंच.

मशीन ओलं आहे हे मला कळत होतं. तार जोडलेली नाही हे मला कळत होतं. मी माझ्यापुरती फळी टाकली, टाका मारला, आणि उतरून स्वयंपाकघरात जाऊन मान गेला म्हणून रडत बसले. मशीन बंद ठेवा, असं मी एकालाही म्हटलं नाही. दशरथलासुद्धा नाही.

उल्का

•

भोर
१९ ऑक्टोबर २०००

चि. उल्का,

माझ्या पत्रावरची तारीख मी पुन्हा पुन्हा बघतोय. तुला शाबासकी लिहीत होतो तेव्हा त्या माणसाला अग्नी देऊन झाला होता.

एकटीने स्वतःला दोष देऊ नकोस, निम्मा माझा आहे. दशरथ त्या शेडमध्ये आहे हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी तो अनवाणी उभा राहिला हे तूच लिहिलं होतंस. तरी मी अख्खं पत्र तुझ्या पायांवर लिहिलं. वर्गात मी नेहमी आधी मेन स्विच शिकवायचो. भाचीची वेळ आली आणि मला फक्त भाची दिसली. मी फार घाबरलो होतो, उल्का.

बायकांचं बोलणं कानांआड कर. तुझ्या बुटाने कोणी मेलं नाही. पाण्याने आणि विजेने मेला, आणि कुणी थांबवलं नाही म्हणून मेला.

आता करायचं ते. तार जोडून होईपर्यंत मेन स्विचचे फ्यूज काढून स्वतःजवळ ठेव. कोणी काहीही म्हणो.

आणि मुक्ताई. कामावर माणूस गेला तर त्याच्या बायकोला कायद्याने हक्क असतो. हृदय बंद पडलं असं कागदावर राहिलं की तिला फक्त तुमची दया उरते. सर्जेराव आज मनापासून म्हणताहेत. पण दहा वर्षांनी काय म्हणतील ते त्यांनाही माहीत नाही. तू खरं सांगितलंस तर त्या घरात तुझं काय होईल, हे मला दिसतंय. म्हणून सांग असं मी म्हणत नाही, आणि सांगू नकोस असंही मला म्हणता येत नाही. भोरचं दार उघडं आहे. मामीने तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे, मी न सांगता.

बापूमामा

•

खराडी, पुणे
२२ ऑक्टोबर २०००

मुक्ताई,

मी उल्का. खराडीच्या वर्कशॉपमधली. दशरथभाऊ मला वहिनी म्हणायचे. आपण कधी भेटलो नाही, पण पेरणीच्या दिवसांत ते तुझं नाव रोज घ्यायचे, म्हणून तुला अगं-तुगं करते.

हे पत्र शाळेतल्या बाईंकडून वाचून घे. घरातल्या कुणाकडून नको. वाचून झालं की जपून ठेव, फाडू नकोस.

तुझ्या नवऱ्याचं हृदय बंद पडलं नव्हतं. त्यांना काही आजार नव्हता. वेल्डिंगच्या मशीनचा शॉक बसून ते गेले. त्यांच्या उजव्या तळहातावर काळा डाग होता, तो तू पाहिला असशील. चहाच्या पातेल्याचा चटका असं तुला सांगितलं, हे मला आमच्या घरातून कळलं. तो चटका नव्हता. आम्ही मशीन पाण्याने धुतलं होतं. त्याची जमिनीत जाणारी तार जोडलेली नव्हती. जमीन ओली होती. आणि आमच्या घरच्या रीतीसाठी त्यांना बूट काढायला लावले होते. यात त्यांची काहीही चूक नाही. ते आमच्या सगळ्यांत सावध होते.

यातलं बरंचसं मला आधी माहीत होतं. दोन दिवस आधी मी त्याच मशीनवर टाका मारला, पण बूट घालून. आणि मग गप्प बसले.

हे सगळं मी कुणापुढेही सांगेन. वाशीमला लेबर ऑफिस असेल, तिथे हे पत्र दाखव. बोलावतील तिथे मी येईन. आमच्या घरात हे पत्र कुणाला माहीत नाही. उद्या पेटीत टाकलं की मी स्वतः सांगणार आहे. माझं काय होईल त्याची तू काळजी करू नकोस, मला जायला जागा आहे. घरखर्चाला म्हणून आमच्याकडून कुणी काही घेऊन आलं तर घे, तो तुझाच हक्क आहे. पण कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नकोस.

आणखी एक आहे. माझ्या मामांना मी सगळं लिहिते, पण हे मला त्यांनाही लिहिता आलं नाही. ह्यांनी मला परवा सांगितलं, तेही तोंड फिरवून. त्या सकाळी आबांनी बूट काढायला सांगितलं तेव्हा दशरथभाऊ लगेच वाकले नाहीत. मशीनकडे बघत उभे राहिले. आणि म्हणाले, "वहिनीले येऊ द्या ना. त्याइले इचारतो अन् मग काढतो." कुणी ऐकलं नाही. ते एकदा रस्त्याकडे बघून आले, मी येतेय का ते. मग त्यांनी बूट काढले.

उल्का